रिकामा न केलेला व्हरांडा

आमच्या दवाखान्याला त्या वर्षी ढाल मिळाली नाही ती माझ्यामुळं, असं गावात बरीच वर्षं म्हणत होते. म्हणणाऱ्यांना मी कधी अडवलं नाही, कारण ते खरं होतं. फक्त म्हणताना ते आवाज खाली आणायचे, जसं काही माझ्या हातून पाप घडलं होतं. म्हणून काय झालं ते एकदा सगळं सांगून टाकते.

दवाखाना कृष्णाकाठच्या एका बाजारगावात होता. गुळाचे व्यापारी आणि मळेवाले यांनी मिळून तो बांधला होता. पुरुषांची बाजू वेगळी, बायकांची वेगळी, मध्ये ऑपरेशनची खोली. बायकांच्या बाजूला एक लांब कौलारू व्हरांडा होता. बांधणाऱ्यांनी तो नातेवाइकांना बसायला म्हणून बांधला असावा. मी तिथं लागले तेव्हा लढाई चालू होती, आणि त्या व्हरांड्यात नातेवाईक कधीच बसलेले मी पाहिले नाहीत. तिथं आजारी माणसं असायची.

मी रहिमतपूरजवळच्या एका खेड्यातली. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ, आणि घरटी एक माणूस पलटणीत. वडील, म्हणजे आमचे आबा, जमादार होऊन पेन्शनीत निघालेले. माझा नवराही पलटणीत होता. लढाई लागल्यावर त्याची पलटण आफ्रिकेत गेली आणि तो तिकडंच राहिला. तार आली तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांची असेन. सासरची माणसं वाईट नव्हती, पण त्या घरात मला आता एकच काम उरलं होतं, ते म्हणजे कुणाच्या नजरेस न पडणं. ते मला जमेना. मी माहेरी आले आणि आबांना म्हटलं, मला नर्सिंग शिकायचंय.

चुलते ओरडले, "म्हंजी लोकांचं हगणंमुतणं काढणार? आपल्या घरातली बाई?"

मी म्हटलं, "सासू अंथरुणावर हुती तवा तिचं काढलंच की. तवा कुनाला लाज वाटली न्हाई ती?"

चुलते उठून गेले. आठवड्याभरानं आबांनी फेटा बांधला, माझी ट्रंक स्वतः उचलली आणि मला गाडीनं सांगलीला नेऊन एका दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत घातलं. तिथं तीन वर्षं मी शिकले. शिकून झाल्यावर या बाजारगावच्या दवाखान्यात बायकांच्या बाजूला लागले.

तिथल्या मोठ्या सिस्टर सांगलीकडच्या ख्रिस्ती बाई होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, आणि कडक तर इतक्या की चादरीवर एक सुरकुती दिसली तर सगळी खाट उपसायला लावायच्या. आम्ही सगळ्या त्यांना टरकून असायचो. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले. हाताला गुण होता, जिभेला मात्र लगाम नव्हता. ऑपरेशन चुकलं नाही तर कुणाचं कौतुक करायचे नाहीत, आणि थोडं चुकलं तर भांडं फेकायचे. पण पहाटे उठवलं तरी एका हाकेत यायचे. अशा माणसाबरोबर काम करता येतं.

त्या उन्हाळ्यात माणदेशाला पाऊस नसण्याचं दुसरं वर्ष होतं. म्हसवडकडची माणसं मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरली होती. विहिरी आटल्या होत्या, डबक्यातलं पाणी प्यायचं, त्यामुळं हगवण, ताप, डोळे येणं. औषधांचे तर हाल होते. क्विनीन मिळत नव्हतं, सल्फाच्या गोळ्या डॉक्टर स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचे, पट्ट्या आम्ही धुऊन उकळून पुन्हा वापरायचो. वॉर्डातल्या खाटा भरल्या की बाकीच्या बायका व्हरांड्यात. आधी चटया, चटया संपल्यावर गोणपाट.

त्यांच्यातच एक धनगराची सून होती. पहिलटकरीण. मेंढवाड्यावरच बाळंत झालेली, आणि चौथ्या दिवशी तापानं फणफणून आमच्याकडं आलेली. पोट फुगलेलं, जीभ काळवंडलेली. बाळ, मुलगी, तिच्या सासूच्या पदराखाली. बाळंतज्वर म्हणजे त्या दिवसांत बहुतेक वेळा मरणच. डॉक्टरांनी कपाट उघडून तिला सल्फाच्या गोळ्या दिल्या आणि मला म्हणाले, "हिला उशाला उंच करून ठेवा. दर दोन तासांनी पाणी पाजा. हलवायचं नाही. अजिबात हलवायचं नाही." माझ्या पुढच्या सगळ्या हट्टाचं मूळ त्यांच्याच या शब्दांत आहे.

त्याच आठवड्यात ढालीची बातमी आली.

आमच्या भागातल्या दवाखान्यांत जो उत्तम चालवला जातो त्याला सरकारकडून एक ढाल मिळायची. पाहणी करायला मंडळ यायचं, सगळं बघायचं, विचारायचं आणि जायचं. आमचं नाव त्या यादीत पहिल्यांदाच गेलं होतं. दवाखान्याच्या कमिटीचे अध्यक्ष गुळाचे मोठे अडतवाले. त्यांना ढाल हवी होती, कारण शेजारच्या गावाला ती मिळून गेली होती. डॉक्टरांना ढालीचं काही नव्हतं, पण ढाल ज्याला मिळेल त्याचा एक्स-रेच्या यंत्राचा अर्ज वर लागतो, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. आमच्याकडं मोडलेलं हाड आलं की हातानं चाचपून बसवायचं, नाहीतर माणसाला तशा कण्हत्या अवस्थेत मिरजेच्या गाडीत घालायचं. त्या यंत्रासाठी डॉक्टर काहीही करायला तयार होते, आणि त्यात मी त्यांना आजही दोष देत नाही.

दवाखान्याला चुना लागला. पायऱ्यांना गेरू. कुंड्या आल्या. अध्यक्षांनी दुकानातून कोऱ्या लाल ब्लँकेटांची थप्पी पाठवली, पाहणीच्या दिवशी खाटांच्या पायथ्याशी घडी करून ठेवायला. पाहणी झाली की परत द्यायची होती. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. पाहुणा यायचा म्हटल्यावर घर कोण सारवत नाही?

मग डॉक्टरांनी मला बोलावलं आणि सांगितलं, पाहणीच्या सकाळी व्हरांड्यातले सगळे रुग्ण बाजारातल्या गुळाच्या वखारीत हलवायचे. गाड्या अध्यक्ष पाठवतील. संध्याकाळी परत आणायचे.

मला आधी वाटलं मी नीट ऐकलं नाही. "बैलगाडीतून?" मी विचारलं.

"मग काय मोटारीतून?"

"ती बाळंतीण आहे त्यांच्यात. तुम्हीच म्हणालात, हलवायचं नाही."

"तिला सगळ्यांत शेवटी न्या. सावकाश."

"वखारीत माश्या आहेत, डॉक्टर. गुळाच्या वखारीत माश्या नसतील तर कुठं असतील?"

ते खुर्चीतून उठले. "सिस्टर, एक दिवसाचा प्रश्न आहे. मंडळाच्या नियमात आहे, खाटेपेक्षा जास्त रुग्ण घेतले तर गुण कमी होतात. गेल्या महिन्यात त्या गड्याचा पाय आपण वाकडा बसवला. बघितलात ना? तो जन्मभर लंगडणार. यंत्र असतं तर नसता लंगडला. अशी माणसं किती येतात वर्षाला? एका दिवसाच्या बदल्यात त्यांचे पाय सरळ होणार असतील तर तुमची काय हरकत आहे?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तो वाकडा पाय मी पाहिला होता. माझं उत्तर हुशारीचं नव्हतं. मी म्हटलं, "पाय सरळ व्हावेत म्हणून हिला मारायची का?"

"कोण मारतंय!" ते ओरडले.

"मी तरी तिला गाडीत घालणार नाही."

"मग दुसरी घालेल. आणि तुम्ही घरी जा."

त्या रविवारी माझी पाळी नव्हती. मी खरोखरच घरी गेले, पण नोकरी सोडून नव्हे, आबांना भेटायला. आबा सोप्यात बसून बैलांच्या वेसणीची दोरी वळत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोरी खाली ठेवली नाही.

"पलटणीत बी असंच असायचं," ते म्हणाले. "जनरल साब यायचा असला की आजारी शिपाई हास्पिटलातनं काडायचं, बराकीमागं तंबूत ठिवायचं. आकडा कमी दिसाया पायजे. आमाला हुकूम, आमी बी न्हेलं. एकदा हिवतापाची दोन पोरं आमच्याच तंबूत गेली. परेड लय झ्याक झाली त्या दिशी."

"मग तुमी काय केलं?"

"काय करनार? हुकूम." मग म्हणाले, "तुला हुकूम कुनाचा हाय?"

"डाक्टरांचा."

"त्यो तर दोन हुकूम देतोय की. एक म्हंतोय हलवू नगं, दुसरा म्हंतोय हलिव. पहिला त्यानं रोगी बघून दिला. दुसरा काय बघून दिला?"

निघताना आईनं भाकरीचं गाठोडं दिलं आणि आबा दारापर्यंत आले. म्हणाले, "नोकरी गेली तर घर हाय. पर जायाच्या आदी उबं ऱ्हाऊन जा. मागल्या दारानं न्हाई."

पाहणीचा दिवस उजाडला. सकाळीच तीन बैलगाड्या आवारात येऊन उभ्या राहिल्या. गाडीवान खाली उतरून बिड्या ओढत होते. बाळंतिणीचा ताप आदल्या दिवशी पहिल्यांदा थोडा उतरला होता. तिनं डोळे उघडून मुलीला मागितलं होतं आणि दूध उतरतंय का ते बघितलं होतं. म्हणजे लढत होती. मी व्हरांड्याच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले.

तिची सासू, काटक म्हातारी, काळ्या लुगड्याची, माझ्याजवळ आली. "गाड्या कशापायी आल्यात, बाय?"

मी तिच्यापासून काही लपवलं नाही. साहेब येणार आहेत, व्हरांडा रिकामा दिसायला पाहिजे, म्हणून तुम्हाला वखारीत न्यायचं ठरलंय, असं सरळ सांगितलं.

म्हातारीनं गाड्यांकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. "न्हाई गेलो तर?"

"तर मला कामावरनं काढतील."

"मंग जातो की आमी. तुज्या पोटावर पाय कशाला? आमाला काय, उगड्यावर ऱ्हायची सवय हाय."

"तुमास्नी हाय. तिला न्हाई परवडायची," मी सुनेकडं बोट करून म्हटलं. "आजी, तुमी जाऊ नगा. माजं मी बघती."

म्हातारी पाऊल मागं गेली आणि सुनेच्या उशाशी मांडी घालून बसली. मग मोठ्यानं, व्हरांड्यातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आगं, ही पोरगी आपल्यासाटी भांडाया लागलीया. आता कुनी उटायचं न्हाई बगा. मेलं तर हितंच मरू, पर गुळासंगट न्हाई मरायचं."

कुणीतरी हसलं. त्या आजारी बायकांतसुद्धा हसू पसरलं. गाडीवान जवळ आले, मी म्हटलं, कुणालाही हात लावायचा नाही. त्यातल्या एकानं मला समजावलं, "बाई, आमाला काय, अध्यक्षांनी सांगितलं म्हून आलो." मी म्हटलं, "मग अध्यक्षांना सांगा, बाई ऐकत न्हाई." त्या दिवसांत चळवळीमुळं आमच्या भागात रेल्वेच्या तारा तुटत होत्या, पोलीस गावोगाव हिंडत होते, आणि कुणी सरळ तोंडावर नाही म्हटलं तर लोकांना त्याचं फार नवल वाटत नसे. गाडीवान परत बिडी ओढायला गेले.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. डॉक्टरांसमोर मी उभी राहू शकत होते, पण या बाईसमोर मी आजवर नजर वर करून बोलले नव्हते. त्यांनी पायऱ्या चढून व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. गाड्या बघितल्या. मला वाटलं, आता संपलं.

"ही काय अवस्था आहे?" त्या म्हणाल्या.

"सिस्टर, मी यांना..."

"चटया वाकड्यातिकड्या का आहेत? ही काय जत्रा आहे? एका ओळीत घ्या. चालायला मध्ये वाट ठेवा. आणि त्या बाळंतिणीच्या अंगाखाली गोणपाट कोणी घातलं?"

"चटया संपल्या, सिस्टर."

"लाल ब्लँकेटं कुठं आहेत?"

"ती... खाटांवर ठेवायची आहेत. शोभेला. अध्यक्षांना परत..."

"ब्लँकेटं अंगावर घालायला असतात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "शोभेला कुंड्या आणल्यात त्यांनी. आणा ती इकडं."

आम्ही दोघी-तिघींनी धावपळ केली. एकेका बाईला थोडं उचलून खाली कोरं ब्लँकेट घातलं, वर चादर, चादरीचे कोपरे सांगलीच्या शाळेत शिकवले होते तसे कोनात. बाळंतिणीला आम्ही चौघींनी मिळून, तिच्या ध्यानातही येणार नाही इतक्या हळू, अंथरूण बदलून दिलं. सगळं झाल्यावर मोठ्या सिस्टर ओळीतून चालत गेल्या आणि एक सुरकुती दिसली तिथं वाकून त्यांनी ती स्वतः काढली. गाडीवानांना त्यांनी नुसतं हातानं 'जा' म्हणून सांगितलं, आणि ते गेले.

डॉक्टर आले ते पाहुण्यांची मोटार फाटकात शिरता शिरताच. त्यांनी व्हरांडा बघितला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी पुढं जाऊन उभी राहिले, म्हणजे आधी मला बोलतील. पण बोलायला वेळच नव्हता. अध्यक्ष हार घेऊन पुढं धावले होते.

मंडळात तिघं होते. एक निवृत्त सिव्हिल सर्जन, गोरा, काठी टेकत चालणारा. एक आपल्यातलेच सरकारी अधिकारी. आणि एक बाई, अधिकाऱ्यांच्या पत्नी असाव्यात. ऑपरेशनची खोली बघून ते खूश झाले. वॉर्डात मान हलवली. मग व्हरांड्यात आले आणि थांबले.

"हे काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, "आजच अचानक गर्दी झाली, साहेब. एरवी इथं कुणी नसतं."

अधिकाऱ्यांनी डॉक्टरांकडं बघितलं. "आजच?"

मी डॉक्टरांकडं बघत होते. यंत्र त्यांच्या हातातोंडाशी आलं होतं. एक 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तसं म्हटलं असतं तर मला फार आश्चर्य वाटलं नसतं.

"नाही," ते म्हणाले. "रोज असतात. उन्हाळाभर. खाटा कमी पडतात आणि मी कुणाला परत पाठवत नाही."

गोऱ्या सर्जननं काठीनं बाळंतिणीकडं दाखवून इंग्रजीत काहीतरी विचारलं. डॉक्टरांनी उत्तर दिलं. दोघं तिच्याजवळ गेले, सर्जननं वाकून तिची नाडी धरली, पोटाला हात लावला, जीभ बघितली. बराच वेळ बोलले दोघं. मंडळातल्या बाई मात्र म्हातारीपाशी थांबल्या होत्या. त्यांनी मराठीतच विचारलं, "इथं नीट बघतात का तुमच्याकडं?"

म्हातारी म्हणाली, "आवं, बगत्यात म्हून तर ऱ्हायलोय. तुमच्या गाड्या आमाला गुळाच्या वखारीत न्याया आल्या हुत्या सकाळी. ह्या पोरीनं न्हेऊ दिलं न्हाई."

अध्यक्षांनी खाकरून घेतलं. अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग चहा झाला आणि ते गेले.

ढाल दुसऱ्या एका दवाखान्याला मिळाली. आमच्याबद्दलचा शेरा कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवला गेला. काम उत्तम, पण खाटांपेक्षा जास्त रुग्ण, व्हरांड्यात गर्दी, नियमांचं पालन नाही. त्याच बैठकीत मला बोलावलं होतं. अध्यक्ष म्हणाले की मी भर पाहणीत संस्थेची अब्रू घालवली, आणि मी माफी मागितली तर ते मला ठेवून घ्यायला तयार आहेत.

मी म्हटलं, "माफी कशाची मागू ते सांगा. सांगितलंत तर विचार करीन."

"हुकूम मोडल्याची."

"हुकूम मी पाळला. तिला हलवायचं नाही असा हुकूम होता."

अध्यक्षांनी डॉक्टरांकडं बघितलं, त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून. डॉक्टर म्हणाले, "हिला काढा. पण मग उद्यापासून बायकांच्या बाजूला कोण येणार ते आज ठरवा. तुम्ही येता?" मोठ्या सिस्टर खिडकीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोघींच्या जागा भराव्या लागतील. माझीही."

मला काढलं नाही. पण दवाखान्याच्या आवारातली माझी खोली काढून घेतली, आणि पुढं कितीतरी दिवस मी गावातल्या एका कोष्ट्याच्या घरी, मागच्या पडवीत राहून नोकरी केली. मला शिक्षा म्हणून ते केलं होतं. पण त्या घरच्या बायकांनी मला इतकं सांभाळलं की मी परत आवारात राहायला गेले तेव्हा मला चुकल्यासारखं झालं.

धनगराची सून वाचली. तिला पूर्ण बरं व्हायला वेळ लागला, केस सगळे गळाले, पण पहिल्या पावसाची बातमी आली तेव्हा ती स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरली. मुलगी मात्र दवाखान्यातच, हगवणीनं गेली. म्हातारीनं तिला नदीकाठी पुरलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक ही गोष्ट सांगताना मुलगीही वाचली असं सांगतात. तिच्या मरणानंतर मला कुणीतरी म्हणालं, एवढा तमाशा करून शेवटी काय मिळवलंस? मी म्हटलं, एक बाई मिळवली. कमी वाटते का?

पुढच्या वर्षी पाहणी होती तेव्हा डॉक्टरांनीच अध्यक्षांना सांगून टाकलं, गाड्या पाठवू नका. त्या वर्षीही ढाल मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. एक्स-रेचं यंत्र मात्र आलं. ढालीवाचून आलं. मळेवाल्यांनी आणि पलटणीतून परतलेल्या शिपायांनी आपसात वर्गणी करून आणलं. त्यासाठी डॉक्टर गावोगाव फिरले, आणि या फिरण्यात आमच्या आबांनी त्यांना साथ दिली. डॉक्टरांनी मला तेव्हा एवढंच म्हटलं, "तुमचे वडील माणसाला नाही म्हणू देत नाहीत. तुम्ही कुणावर गेलात?"

मग स्वातंत्र्य आलं. सरकार बदललं, मंडळातली माणसं बदलली, आणि एका वर्षी कसं कोण जाणे ढाल आमच्या दवाखान्याला मिळाली. व्हरांडा तेव्हाही भरलेलाच होता. आवारात मांडव घातला. सातारा आणि सांगली दोन्हीकडची माणसं आली. बायकांच्या बाजूच्या आम्हा नर्सना पहिल्या रांगेत बसवलं. आबा मागं कुठंतरी, फेटा बांधून.

अध्यक्ष तेच होते. थकले होते, पण भाषण जोरात केलं. ते म्हणाले, गरिबातल्या गरिबाला या दवाखान्यानं कधी दार बंद केलं नाही. खाटा संपल्या तेव्हा आम्ही आमचा व्हरांडा दिला. गोऱ्या साहेबांच्या राज्यातसुद्धा आम्ही त्यांच्या नियमांपुढं मान न झुकवता आमची माणसं पोटाशी धरली. टाळ्या पडल्या.

मी तोपर्यंत नीट बसले होते. टाळ्या ऐकल्यावर मला बसवेना. ज्यांना त्यांनी गाड्यांत घालून वखारीत टाकलं असतं त्या बायकांच्या नावानं हा माणूस हार घेत होता. मी उठले. "अध्यक्षसाहेब," मी म्हटलं, "असं झालं नाही."

व्यासपीठावरचे पाहुणे एकमेकांकडं बघू लागले.

"व्हरांडा रिकामा करायला तुम्ही तीन गाड्या पाठवल्या होत्या. गाड्या मागं फिरल्या त्या व्हरांड्यातल्या बायका उठल्या नाहीत म्हणून, आणि मोठ्या सिस्टरनी ब्लँकेटं अंथरली म्हणून. ढाल घ्या. पण त्यांचं नाव घेऊन घ्या."

मी खाली बसले. मग अध्यक्षांनी जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, "बाई म्हणतात ते खरं आहे. गाड्या माझ्याच होत्या." आणि पुढचं भाषण न करता जागेवर जाऊन बसले. टाळी कुणी वाजवली नाही. मोठ्या सिस्टर माझ्या शेजारी ताठ बसून समोर बघत होत्या. त्यांनी माझ्याकडं मान वळवली नाही, फक्त माझ्या पदराची घडी विस्कटली होती ती हातानं सारखी केली.

समारंभ कसाबसा उरकला, आणि ढाल व्हरांड्याच्या एका टोकाला टेबलावर मांडून ठेवली. गावात दुसऱ्या दिवसापासून दोन तट पडले. निम्मे म्हणायचे, चांगल्या दिवसाचा विचका केला. आधी ढाल घालवली, आणि मिळाली तेव्हा तिची शोभा घालवली. निम्मे म्हणायचे, बरं झालं. मी दोन्हीकडच्यांना पाणी विचारत राहिले, कारण आजारी पडल्यावर दोन्हीकडचे आमच्याकडंच येत होते.

डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर कुणाच्यातरी कमरेचा एक्स-रे पडला होता, तो उजेडात धरून बघत होते.

"भर मांडवात बोललात," ते म्हणाले.

"हो."

"आधी मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला गप्प बसवलं असतं."

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "बसवलं असतं," ते म्हणाले. मग, "व्हरांड्यात आज किती आहेत?"

"सगळा भरलाय. दोघी आत्ताच आल्यात, जतकडच्या. त्यांना अजून जागा नाही."

"मग इथं काय करताय? त्या ढालीचं टेबल उचला की तिथनं. दोन चटया बसतील."

मी जाऊन टेबल हलवलं.